काढलेल्या दाताची जागा किती दिवस थांबते?

बालाघाटचे नाव निघाले की विदर्भातल्या माणसाला पहिल्याप्रथम मँगनीज आठवते. शहराला लागून असलेल्या भरवेलीच्या खाणीतून हे खनिज कित्येक पिढ्या वर येत आहे. तेथे काम करणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. भूगर्भातून खनिज काढून घेतले की मागे पोकळी राहते, आणि ती तशीच सोडली तर बाजूच्या भिंती व वरचे छत आज ना उद्या आत येऊ पाहतात. म्हणून मोकळ्या झालेल्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून घेतात आणि मगच वरच्या थराला हात घालतात. माणसाच्या जबड्यातून दात निघाला म्हणजे अशीच एक लहानशी पोकळी मागे उरते. ती भरण्याचे काम शरीर आपण होऊन करते, आणि पुष्कळ चांगले करते. परंतु खाणीत आणि जबड्यात एक फरक आहे. खाणीत भरणी झाल्यामुळे भिंत टिकते. जबड्यात भरणी चालू असतानाच भिंत झिजत जाते. दाताच्या जागी हाडात धातूची खुंटी बसवून तिच्यावर नवा दात चढविण्याची जी विद्या गेल्या साठ वर्षांत वाढीस लागली, आणि जिला आता तालुक्याच्या गावीही ‘इम्प्लांट’ याच नावाने ओळखतात, तिच्यातला वेळेचा सारा प्रश्न या फरकातून उत्पन्न होतो.

हा प्रश्न बालाघाटसारख्या जिल्ह्यात मोठ्या शहरापेक्षा अधिक बोचतो. जुन्या मध्यप्रांतात हा जिल्हा नागपूर विभागात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले आणि बालाघाट इकडे राहिले. तथापि दुखणेकऱ्याच्या पायांनी ती सीमा अद्याप मानलेली नाही. साधा दात तालुक्याला निघतो. काम जरा अवघड निघाले की गोंदिया, आणि त्याहून अवघड असले की नागपूर, जेथे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ सालापासून आहे. एका खुंटीसाठी तपासणी, शस्त्रक्रिया, टाके, माप आणि शेवटी दात अशा चार-पाच खेपा सहज होतात. प्रत्येक खेपेस एका माणसाचा दिवस जातो, सोबत्याचा धरला तर दोघांचा. अशा घरात ‘केव्हा’ हा प्रश्न ‘किती रुपये’ या प्रश्नाइतकाच मोलाचा असतो.

समजा, वारासिवनीकडील एका मध्यमवयीन गृहस्थाची खालची दाढ किडून गेली, ती काढावी लागली, आणि त्या जागी खुंटी बसवावी असे त्याच्या मनाने घेतले. एक दंतवैद्य त्याला सांगतो की, दाढ काढली त्याच बैठकीत हे काम होऊ शकले असते. दुसरा म्हणतो, दोन महिन्यांनी या. तिसरा सहा महिने थांबावयास सांगतो. गृहस्थ घरी येऊन बोलू लागतो की डॉक्टरांचे आपसातच जमत नाही, किंवा यांतला कोणीतरी आपल्याला फसवीत आहे. वस्तुतः तिघेही बरोबर असू शकतात. त्यांची उत्तरे तीन निरनिराळ्या तोंडांना लागू पडणारी आहेत, आणि यातले आपले तोंड कोणते हे ठरविण्याची सर्वांत सोयीची वेळ दाढ जाग्यावर होती तेव्हाची होती. ती वेळ का महत्त्वाची, हे समजण्यासाठी दात गेल्यावर हाडात काय घडते ते पाहिले पाहिजे.

दात हा हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पदर असतो. चावताना पडणारा भार हे तंतू झेलतात आणि भोवतालच्या हाडाला पोचवितात. ज्या खोबणीत दात बसलेला असतो तिचा आतला पातळ थर या तंतूंच्या आधारावरच जगतो. दात निघाला की तंतू जातात, आणि ज्या हाडाचे काम संपले ते हाड शरीर बाळगीत नाही. कचेरीत एखादे पद रद्द झाले म्हणजे त्याचे टेबल-खुर्चीही लौकरच उचलून नेतात, तसाच हा प्रकार आहे. त्यातून ओठाच्या व गालाच्या बाजूची भिंत मुळातच नाजूक. वरच्या पुढल्या दातांसमोर तर ती पुष्कळ माणसांत एक मिलिमीटरहूनही पातळ असते, म्हणजे जवळजवळ सगळीच त्या दाताच्या भरवशावर उभी असते. वरचा पुढचा दात गेलेल्या माणसाची हिरडी काही महिन्यांत तेवढ्याच ठिकाणी आत खचलेली दिसते, त्याचे कारण हेच.

आतली घडामोड अशी की, दात निघाल्यावर काही मिनिटांत खोबण रक्ताने भरते आणि ते गोठते. ही गुठळी पुढच्या साऱ्या बांधकामाचा पाया होय. ती निसटली तर दोन-चार दिवसांनी जी कळ उठते ती ज्याने सोसली आहे त्याला तिचे वर्णन सांगण्याची गरज नाही; जोरजोराने चुळा भरणे आणि विडी ओढणे ही गुठळी निसटण्याची नित्याची कारणे आहेत. पहिल्या आठवड्यात गुठळीच्या जागी रक्तवाहिन्यांनी भरलेले कोवळे मांस येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तळाकडून व कडांकडून कच्चे हाड धरू लागते. चार ते आठ आठवड्यांत वरून हिरडी मिळून येते. तीन-चार महिन्यांत खोबण बहुतांशी हाडाने भरते, आणि ते हाड पक्के होण्याचे काम त्यानंतरही कित्येक महिने चालू राहते. हे झाले जमेचे पान. खर्चाचे पान त्याच वेळी उघडलेले असते. डेन्मार्कमधील दंतवैद्यांनी ४६ रुग्णांच्या मागल्या दातांच्या जागा वर्षभर मोजून २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दात काढला तेव्हा जबड्याच्या कडेची सरासरी रुंदी १२ मिलिमीटर होती; वर्षअखेर ती ६ मिलिमीटरच्या आसपास आली. या घटीपैकी सुमारे दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन गेली होती.

हे आकडे खुंटीच्या मापाशी ताडून पाहावेत. नेहमीच्या खुंटीचा व्यास चार मिलिमीटरच्या जवळपास असतो, आणि तिच्या दोन्ही अंगांना निदान एक-दीड मिलिमीटर हाड हवे असते. म्हणजे सहा-सात मिलिमीटर रुंदी हाताशी असली तर काम सरळ होते. वर्षानंतर उरणारी सरासरी नेमकी या उंबरठ्यावर येऊन ठेपते. ज्याचे हाड मुळात भक्कम त्याचे निभावते. ज्याचे बारीक, त्याला आधी हाड वाढविण्याची आणखी एक शस्त्रक्रिया, आणखी काही महिने आणि आणखी काही हजार रुपये मोजावे लागतात.

मग पूर्वीचे तज्ज्ञ थांबावयास का सांगत होते? त्याला इतिहास आहे. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियम धातूची एक बारीक नळकांडी बसवून जिवंत हाडातला रक्तप्रवाह न्याहाळीत होते. प्रयोग संपल्यावर ती नळकांडी हाडातून निघेना. हाडाने तिला घट्ट धरून ठेवले होते. बालाघाटच्या भूमीत मँगनीज आहे, मलाजखंडला तांबे आहे. परंतु हाडाने ज्याला आपले म्हटले तो धातू वेगळाच निघाला. १९६५ साली योटेबोर्ग येथे ब्रोनेमार्क यांनी जबड्यात जन्मजात व्यंग असलेल्या योस्टा लार्सन या गृहस्थाला टिटॅनियमच्या खुंट्या बसविल्या. २००६ साली लार्सन वारले तोपर्यंत त्या काम देत होत्या. १९८२ साली टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर अमेरिका खंडातील दंतवैद्यांनी ही पद्धत स्वीकारली आणि तेथून ती जगभर पसरली. तिचा मूळ नियम कडक होता. दात काढल्यावर हाड पूर्ण भरून येईपर्यंत, सहा महिने ते वर्षभर, थांबावे. खुंटी बसविल्यावर ती हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात तीन व वरच्या जबड्यात सहा महिने तशीच राहू द्यावी. मग तिच्यावर दात चढवावा. नवी विद्या होती, अपयश आले तर तिचे नावच बुडाले असते. तेव्हा ही सावधगिरी योग्यच म्हटली पाहिजे.

त्याच सुमारास जर्मनीत ट्यूबिंगन येथे शुल्ट यांनी उलट दिशेने विचार केला आणि १९७६ साली दात काढताच त्याच खोबणीत बसविण्याची खुंटी लोकांपुढे मांडली. ती धातूची नव्हती, चिनीमातीच्या जातीच्या पदार्थाची होती. पुढे टिटॅनियमच्या खुंट्याही अशाच बसविल्या जाऊ लागल्या. एकच भूल, एकच जखम, वेळेची बचत. कल्पना इतकी आकर्षक होती की तिच्याबरोबर एक भाबडी आशाही चिकटून आली. खोबणीत दाताऐवजी खुंटी उभी केली म्हणजे हाडाला दात गेल्याचे कळणारच नाही आणि भिंत झिजणार नाही, असे पुष्कळांनी धरून चालले. ही आशा फोल ठरली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत आराऊजो आणि लिंडे यांच्या मंडळींना आढळले की, ताज्या खोबणीत खुंटी असो वा नसो, बाहेरची भिंत झिजावयाची ती झिजतेच. ते सयुक्तिकही आहे. कारण भिंतीला जगविणारे तंतू खुंटीभोवती नसतात. आजही ‘त्याच दिवशी बसवली की हाड वाचते’ असे दवाखान्याच्या पाटीवर किंवा एखाद्या जाहिरातीत वाचावयास मिळते. तेवढ्यापुरता विश्वास ठेवू नये.

याचा अर्थ त्याच दिवशी खुंटी बसविणे वाईट, असा मात्र नव्हे. निवडक तोंडांत ते उत्तम साधते. खोबणीच्या चारी भिंती शाबूत हव्या. बाहेरची भिंत जाड हवी. हिरडी दळदार हवी. मुळाशी वाहता पू नसावा. आणि मुळाच्या टोकापलीकडे तीन-चार मिलिमीटर कोरे हाड हवे, कारण खुंटीची पहिली पकड त्याच हाडात बसते. सायकलवरून पडून ज्या तरुणाचा निरोगी दात मुळाशी मोडला, त्याच्याकडे यातले बरेचसे असते. वर्षानुवर्षे किडलेली, दोनतीनदा सुजून गेलेली दाढ जेव्हा शेवटी निघते तेव्हा तिथे यातले फारसे काही उरलेले नसते. बालाघाटच्या बाजूला दात बहुधा या दुसऱ्या अवस्थेतच दंतवैद्यापुढे येतो, कारण दुखणे असह्य होईपर्यंत लवंगेचे तेल आणि दुकानातली गोळी यांवर दिवस काढण्याची आपल्याकडे रीत आहे. मागच्या दाढांची अडचण निराळी. दोन-तीन मुळांची ती खोबण रुंद असते आणि एकच गोल खुंटी तीत सैल पडू शकते.

स्वित्झर्लंडमधील ग्स्टाड येथे २००३ साली जमलेल्या तज्ज्ञांनी हा गोंधळ मिटविण्यासाठी वेळांचे चार वर्ग पाडले. दात काढल्याच दिवशी हा पहिला; हिरडी मिळून आल्यावर, म्हणजे साधारण चार ते आठ आठवड्यांनी, हा दुसरा; खोबणीत बरेचसे हाड धरल्यावर, बारा ते सोळा आठवड्यांनी, हा तिसरा; आणि सोळा आठवड्यांनंतर केव्हाही हा चौथा. या वर्गांना नावे त्यांनी दिवसांवरून दिली नाहीत. जखमेच्या अवस्थेवरून दिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एखाद्याची हिरडी पाचव्या आठवड्यातच मिळून येते, मधुमेह्याची दहाव्यातही येत नाही.

यातल्या दुसऱ्या वर्गाचे मर्म वैनगंगेकाठच्या भातकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. पऱ्हे फार कोवळे असताना उपटून रोवले तर धरत नाहीत. फार दिवस राखले तर जून होतात आणि फुटवे कमी फुटतात. मधले काही दिवस असे असतात की बांधीत चिखलही तयार असतो आणि रोपही. चार ते आठ आठवड्यांच्या काळात जबड्याचे असेच असते. मुळाशी असलेला पू निवळलेला असतो. खुंटी झाकण्यास पुरेल एवढी हिरडी तयार झालेली असते, आणि ताज्या खोबणीत तिचीच सर्वांत जास्त चणचण असते. भिंती झिजावयास लागलेल्या असल्या तरी पुष्कळशा उभ्या असतात. वरच्या पुढच्या दातांसाठी, जेथे हसताना हिरडीची कड दिसते, कित्येक अनुभवी शल्यदंतवैद्य हीच वेळ पसंत करतात. खुंटी बसविताना बाहेरच्या अंगाला हाडाची भुकटी भरून पुढे होणारी झीज ते आधीच जमेस धरतात. मागल्या दाढांसाठी मात्र तीन-चार महिन्यांची तिसरी वेळ बहुधा सोयीची पडते. तेथे शोभेचा प्रश्न नसतो, खोबण हाडाने भरून आलेली असते आणि खुंटीला पहिल्या दिवसापासून पकड मिळते. मुळाशी मोठी गाठ होऊन हाडच पोखरले गेले असेल, तर सहा महिने थांबण्यावाचून गत्यंतर नसते. वारासिवनीच्या त्या गृहस्थाचे तीन दंतवैद्य तीन उत्तरे का देत होते, ते यावरून दिसून येईल.

ज्याला थांबणे भाग आहे त्याच्यासाठी एक मधला उपाय आहे. दात काढल्याबरोबर खोबणीत हाडाच्या जातीची भुकटी भरून वरून झाकून घेतात. भरवेलीची वाळूची भरती, म्हटले तरी चालेल. तिने झीज पूर्ण थांबत नाही, परंतु बरीच कमी होते. त्याच्या मोबदल्यात खर्च वाढतो आणि खुंटीसाठी पुढे चार-सहा महिने थांबावे लागते. ज्याला नोकरीच्या किंवा पैशाच्या अडचणीमुळे वर्षभर पुन्हा येताच येणार नाही, अशा माणसाला हा सौदा पुष्कळदा परवडतो. हा उपाय दात निघण्याच्या दिवशीच करावयाचा असतो. महिन्याभराने आठवण झाली तर त्याची वेळ टळून गेलेली असते.

म्हणून खुंटीची बोलणी दात काढण्याआधी व्हावीत. दंतवैद्याला इतकेच सांगावे की या जागी पुढेमागे खुंटी बसविण्याचा विचार आहे. तेवढ्या वाक्याने त्याच्या हाताची रीत बदलते. मूळ रेटून काढण्याऐवजी तो ते दोन-तीन तुकडे करून एकेक अलगद उचलतो. बाहेरच्या पातळ भिंतीवर पकडीचा जोर देत नाही. भिंत फुटली असेल तर तशी नोंद कागदावर करतो. दात काढल्याची तारीख, आधीचा एक्स-रे आणि ही नोंद एवढे कागद गोंदियाला किंवा नागपूरला नेले तर तेथल्या तज्ज्ञाचा पहिला अर्धा तास वाचतो आणि रोग्याची एक खेप. मात्र सूज गालावर चढली असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर खुंटीचा विचार बाजूला ठेवून आधी त्या संसर्गावर इलाज झाला पाहिजे. अशा वेळी तज्ज्ञाची तारीख मिळण्याची वाट पाहत बसणे जिवावर बेतू शकते.

बालाघाटच्या माणसाने वेळापत्रक शेतीच्या हिशेबाने आखले तर त्यात कमीपणा नाही. एखादी दाढ दुखत नाही पण वाचणारही नाही असे ठरले असेल, तर ती धान कापून झाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात काढावी. हाड भरून येते तो मार्च उजाडतो. तेव्हा खुंटी बसवावी. तीन महिन्यांनी, जूनमध्ये, माप देऊन दात चढवून घ्यावा आणि जुलैच्या रोवणीला मोकळे व्हावे. खुंटी बसविल्यानंतरचा पहिला महिना जपण्याचा असतो. आरंभीची पकड ही स्क्रूने लाकूड धरावे तशी निव्वळ यांत्रिक असते. ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ढिली होते आणि नव्या हाडाची पकड अद्याप पुरती यावयाची असते. त्या दिवसांत त्या बाजूने सुपारी फोडणे किंवा भाजलेले चणे खाणे म्हणजे सिमेंट ओले असताना खांबावर छत टाकण्यासारखे आहे.

सुपारीचा विषय निघालाच आहे, तर खर्ऱ्याविषयी बोलले पाहिजे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ नागपूर-गोंदियापासून बालाघाटपर्यंत टपरीटपरीवर मिळतो. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, जखम मंद भरते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत खुंटी निकामी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळते. सुपारीचा घात आणखी वेगळा आहे. तिच्या दीर्घ सवयीने गालाच्या आतले अस्तर राठ होऊन तोंड उघडेनासे होते. पुढे त्यातून कर्करोगाचाही धोका संभवतो. ज्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत, त्याच्या मागल्या दाढेच्या जागी हत्यार पोचणारच कसे? अशा माणसाला वेळ कोणती हा प्रश्नच उरत नाही. त्याने आधी त्या विकाराची तपासणी करून घ्यावी. दात काढलेल्या जागी कळ थांबावी म्हणून तंबाखूची चिमूट दाबून ठेवण्याचा जो प्रकार काही जण करतात, त्याने जखम चिघळण्यापलीकडे काही साधत नाही.

मधुमेह्यांनी निराश होण्याचे कारण नाही. साखर ताब्यात असली तर त्यांच्या हाडातही खुंटी धरते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक रक्ततपासणी असते; दात निघाल्यापासून खुंटी बसेपर्यंतचा काळही तेवढाच, तेव्हा या अवधीत साखर आटोक्यात आणून ती तपासणी करून घेता येते. हाडांचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी गोळ्या किंवा इंजेक्शने घेणाऱ्या वृद्ध स्त्रिया, आणि तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेले रोगी, यांनी मात्र ही गोष्ट दात काढण्यापूर्वीच सांगितली पाहिजे. त्यांच्या जबड्याची जखम कधीकधी भरतच नाही, आणि वेळेचा प्रश्न त्यांच्या बाबतीत खुंटीच्याही आधी, दात काढण्यापाशीच उभा राहतो.

मधल्या काळात जागा उघडी राहते याची पुष्कळांना चिंता वाटते. समोर दिसणारा दात असेल तर काढघालीचा तात्पुरता दात मिळतो; तो ओल्या जखमेवर दाबणारा नसावा, एवढे पाहावे. दाढेची जागा चार महिने रिकामी राहिल्याने काही बिघडत नाही. ती चार वर्षे राहिली तर शेजारची दाढ त्या बाजूला कलते, समोरची दाढ खाली किंवा वर उतरून येते, आणि मग खुंटीपुरते हाड असूनही तिच्यावरच्या दाताला जागा उरत नाही. ज्याचे शेजारचे दोन्ही दात आधीच किडून कॅप घालण्याजोगे झाले आहेत, त्याने खुंटीच्या मागे न लागता त्या दोन दातांवर आधारलेला ब्रिज करून घेतला तर तो शहाणपणाच ठरतो. शेजारचे दात निरोगी असताना त्यांना कानसून ब्रिज करणे मात्र जिवावर येते.

शाळकरी मुलाचा पुढचा दात खेळताना पडला तर आईबाप तातडीने खुंटीची चौकशी करतात. तेथे थांबावेच लागते. खुंटी हाडाला थेट चिकटलेली असल्यामुळे ती वाढत्या जबड्याबरोबर सरकत नाही. शेजारचे दात उतरत जातात आणि ती मागे, वर अडकून पडते. जबड्याची वाढ मुलींत थोडी आधी आणि मुलांत थोडी उशिरा थांबते. अठरा वर्षांपूर्वी सहसा कोणी जबाबदार दंतवैद्य या कामाला हात घालीत नाही. पडलेला पक्का दात सापडला, तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभराच्या आत दवाखान्यात नेला असता पुन्हा त्याच खोबणीत बसू शकतो. ही गोष्ट बैहर-लांजीच्या शाळांतील शिक्षकांना ठाऊक असावी, कारण दवाखाना दूर असला तरी दूध गावात असते.

श्रोत्यांपैकी ज्यांचे दात दहा-वीस वर्षांपूर्वीच गेले आहेत, त्यांना वाटेल की आपली वेळ केव्हाच निघून गेली. तसे नाही. चौथ्या वर्गाला पुढची मर्यादा घातलेली नाही. इतक्या वर्षांत रुंदी गेलेली असते, वरच्या दाढांच्या जागी गालफडातली हवेची पोकळी खाली उतरलेली असते, आणि खालच्या जबड्यातून जाणारी शीर वरच्या कडेच्या जवळ आलेली असते. तेव्हा त्रिमिती एक्स-रे काढून हाड मोजल्याशिवाय कोणी काही सांगू नये. परंतु खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, दोन सुळ्यांच्या मधल्या पट्ट्यात, वृद्धापकाळीही हाड पुष्कळदा टिकून असते. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी असा अभिप्राय दिला की, खालचे सर्व दात गेलेल्या माणसाला तेथे दोन खुंट्या बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी देणे हा पहिला पर्याय मानावा. बोलताना उडणारी आणि जेवताना खिशात ठेवावी लागणारी खालची कवळी ज्याने वापरली आहे, त्याला या दोन बटणांचे महत्त्व लगेच पटेल. तेथे घाई नसते. झीज व्हावयाची ती होऊन गेलेली असते, आणि ज्या हंगामात मुलाला सोबत यावयास सवड असेल तो हंगाम चालतो. जुनी कवळी टाकूनही द्यावी लागत नाही. ती नीट बसत असली तर तिच्याच आतल्या बाजूला खाच करून बटणे बसविता येतात.